भावनांचा तास

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातल्या संधी’ हा विषय दिला होता. त्या विषयावर मी बोलणार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. संधींचं आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी आज अशा गोष्टीवर बोलणार आहे, जी या इमारतीत आपल्याला कोणी शिकवली नाही आणि मी चाळिशीत, वही-पेन घेऊन, गृहपाठ करत शिकले. खूप राग आला, भीतीने अंग कापू लागलं, जीव नकोसा झाला, तर त्या क्षणी नेमकं करायचं काय?

सर, बाई, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हालाही ते कोणी शिकवलं नव्हतं.

आज सकाळी बोईसर स्टेशनवरून बेटेगावला येताना रिक्षातून बाहेर बघत होते. जिथे आपण भाताच्या खाचरांच्या बांधांवरून शाळेत यायचो, तिथे आता इमारती आहेत, आणि बुलेट ट्रेनचं काम चाललंय. रिक्षावाल्या दादांना म्हटलं, काही ओळखू येत नाही. तेवढ्यात कुठल्याशा कारखान्याचा भोंगा वाजला, आणि माझा हात आपोआप छातीवर गेला. तो भोंगा मात्र मी लगेच ओळखला.

आपल्या वर्गातल्या कितीतरी घरांत तारापूर एमआयडीसीचा पगार यायचा. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, यावर घरातलं जेवण आणि झोप ठरायची. माझे बाबा तिथल्या एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर होते. मी नववीत असताना एका रात्री तिथे स्फोट झाला. आमच्या फडताळातली भांडी वाजली. आई उठून दारात जाऊन उभी राहिली आणि पहाटेपर्यंत तिथून हलली नाही. सकाळी कळलं, बाबा वाचले. दोन्ही हात आणि मान भाजली होती. त्यांच्या पाळीतले एक काका मात्र परत आले नाहीत.

काही आठवड्यांनी बाबा घरी आले. पंख्याचा वारासुद्धा त्यांच्या हातांना सहन व्हायचा नाही. चादरीचा काठ लागला तरी ते ओरडायचे. धीराचा माणूस, आणि चादरीच्या काठाने ओरडतो, याची मला तेव्हा लाज वाटायची. हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगते आहे.

गावाने आम्हाला खूप केलं. शेजारच्या काकूंनी महिनाभर डबा दिला. तुमच्यापैकी दोघींच्या आयांनी माझ्या वह्या-पुस्तकांचं बघितलं. आणि येणारा प्रत्येक जण जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून एकच सांगायचा, “रडायचं नाही हां. तू मोठी आहेस. आईला धीर दे.” मी दिला. 1996 साली दहावीला चांगले मार्क मिळाले, याच व्यासपीठावर बक्षीस घेतलं. सगळे म्हणाले, पोरगी खंबीर आहे.

या खंबीर पोरीचं पुढे काय झालं ते सांगते. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. बाहेरून सगळं छान होतं. आत मात्र कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायची. मीटिंगमध्ये कोणी साधी चूक दाखवली, तर दोन-दोन दिवस पोटात कालवायचं. राग आला की तो माझा उरायचा नाही, मीच त्याची व्हायची. भांडण झालं की बाथरूममध्ये जाऊन स्वतःलाच इजा करावीशी वाटायची, आणि काही वेळा ती मी केलीही. नंतर शरम, आणि शरमेचा पुन्हा राग.

एका संध्याकाळी मुलीने शाळेचा डबा पूर्ण खाल्ला नव्हता. एवढंच कारण. मी तो स्टीलचा डबा फेकला. तिच्या कानापासून वीतभर अंतरावरून जाऊन तो भिंतीवर आदळला. ती रडली नाही. खांदे वर ओढून, भिंतीला चिकटून उभी राहिली. तिचं ते उभं राहणं मी ओळखलं. त्या रात्री भांडी वाजली तेव्हा मी तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तपासून थोडी औषधं दिली आणि एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. तिथे मी ‘डीबीटी’ हे नाव पहिल्यांदा ऐकलं. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. मराठीत म्हणायचं तर द्वंद्वात्मक वर्तन उपचार. नाव जड आहे, पण गोष्ट साधी आहे, आणि ती जिने शोधली तिची हकिगत ऐकलीत तर नाव सोपं होईल.

अमेरिकेतली मार्शा लिनेहान. 1961 साली, सतरा वर्षांची असताना, तिला हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात दाखल केलं. ती स्वतःला सतत इजा करायची. दोन वर्षांहून जास्त काळ ती तिथे होती, बराच काळ एकांताच्या खोलीत. तिथल्या उपचारांनी ती बरी झाली नाही. पुढे ती शिकली, मानसशास्त्रज्ञ झाली, सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाली, आणि ज्यांना जगणं नकोसं होतं अशाच लोकांसाठी तिने ही उपचारपद्धत तयार केली. आपण स्वतः तिथे रुग्ण होतो, हे तिने जाहीरपणे सांगितलं ते 2011 साली, वयाच्या 68 व्या वर्षी, त्याच रुग्णालयात परत जाऊन. मी पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या शाळेत परत येऊन बोलते आहे. तिच्यापेक्षा लवकर, एवढंच समाधान.

लिनेहानने आधी नेहमीची वर्तनोपचाराची पद्धत वापरून पाहिली. रुग्णाला सांगायचं, तुझं हे चुकतं, हे बदल. रुग्ण चिडायचे, सोडून जायचे. त्यांना वाटायचं, म्हणजे सगळा दोष माझाच. मग तिने उलट करून पाहिलं. फक्त ऐकायचं, समजून घ्यायचं, धीर द्यायचा. तरीही रुग्ण चिडायचे. म्हणायचे, मी इथे जळते आहे आणि तुम्ही नुसतं ‘हो हो’ म्हणताय? तेव्हा तिच्या लक्षात आलं की दोन्ही एकाच वेळी लागतं. तू आहेस तशी का झालीस हे पूर्णपणे समजण्यासारखं आहे, आणि तुला बदलावंही लागेल. स्वीकाराची बाजू ती झेन साधनेतून शिकली, बदलाची बाजू वर्तनशास्त्रातून. द्वंद्वात्मक म्हणजे ही दोन टोकं एकत्र धरणं.

आमच्या गटात पहिल्याच दिवशी बाईंनी एक खेळ दिला. वाक्यातला ‘पण’ काढून तिथे ‘आणि’ घाला. ‘माझं लेकीवर प्रेम आहे, पण मी तिच्यावर डबा फेकला.’ या वाक्यात ‘पण’ आला की आधीचं प्रेम खोटं ठरतं. ‘माझं लेकीवर प्रेम आहे, आणि मी तिच्यावर डबा फेकला.’ आता दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीला तोंड द्यायचंय. करून बघा. मला ते वाक्य मोठ्याने म्हणायला तीन आठवडे लागले.

लिनेहानचं म्हणणं असं की काही माणसं जन्मतःच भावनेने हळवी असतात. लवकर पेटतात, जास्त पेटतात, विझायला वेळ लागतो. अशा माणसाला भोवतालचे सतत सांगत राहिले की ‘यात रडण्यासारखं काय आहे’, ‘नाटकं करू नकोस’, तर ते माणूस स्वतःच्या भावनेवरचा विश्वास गमावतं आणि ती हाताळायलाही शिकत नाही. अशा माणसांची तुलना तिने गंभीर भाजलेल्या रुग्णाशी केली आहे. अंगावर कातडीच नाही, साधा स्पर्शही आग लावतो. हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. मला पंख्याखाली ओरडणारे बाबा आठवले. त्यांच्या हातांवरची कातडी सगळ्यांना दिसत होती, म्हणून त्यांना ‘नाटकं करू नका’ असं कोणी म्हटलं नाही.

आता अभ्यासक्रम सांगते, कारण ही खरोखरच शाळा आहे. आठवड्याला एक तास एकटीने मानसशास्त्रज्ञांबरोबर, आणि एकदा गटाचा वर्ग, सुमारे अडीच तासांचा. अडचणीच्या वेळी फोन करून ‘आत्ता काय करू’ विचारायची मुभा. आणि उपचार करणाऱ्यांचीही आपापसात बैठक, कारण हे काम करताना तेही थकतात. विषय चार: सजगता, संकटाचा क्षण निभावणं, भावना हाताळणं आणि नात्यात बोलणं. पूर्ण पाठ साधारण 24 आठवड्यांचा, बहुतेकदा तो दोनदा करतात, म्हणजे वर्ष जातं. रोज एक तक्ता भरायचा: आज राग किती, दुःख किती, स्वतःला इजा करायची इच्छा किती, कुठलं कौशल्य वापरलं. मी सुरुवातीला तो तक्ता आदल्या रात्री एकदम भरायची, जसा आपण भूगोलाचा गृहपाठ भरायचो. बाईंनी पकडलंच.

सगळं सांगायला वेळ नाही, दोनच गोष्टी सांगते.

पहिली, साखळी तपासणं. मी सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे रात्री यंत्रणा बंद पडली की सकाळी आम्ही नोंदी उघडून बसतो. कुठल्या मिनिटाला काय झालं, त्याच्या आधी काय झालं. नोंदी वाचताना सर्व्हरला शिव्या देऊन काही मिळत नाही. माझ्या डब्याच्या संध्याकाळची आम्ही अशीच नोंद काढली. आदल्या रात्री कामामुळे चार तास झोप. दुपारी जेवले नाही. चार वाजता फोनवर साहेबांनी सगळ्यांसमोर एक वाक्य टाकलं. घरी येताना चौकात टायर फुटला, धडाम, आणि माझे हात थंड पडले. सात वाजता घरात पाऊल, ओट्यावर अर्धा भरलेला डबा. मनात वाक्य आलं, ‘मी एवढं मरते आणि कोणाला किंमत नाही.’ मानेतून गरम लाट वर चढली. मग हात. मग भिंत.

बघा, मी इतकी वर्षं समजत होते की डबा बघितला आणि राग आला. डबा साखळीतली सातवी कडी होती. प्रत्येक कडीला काहीतरी करता आलं असतं. दुपारी दोन घास खाता आले असते. टायर फुटल्यावर पाच मिनिटं गाडी बाजूला लावता आली असती. आणि अगदी शेवटच्या कडीला, मान गरम होते तेव्हा, नुसतं स्वयंपाकघरातून बाहेर जाता आलं असतं.

त्या शेवटच्या कडीसाठी दुसरी गोष्ट. भावना टोकाला गेलेली असताना डोक्यात विचार चालत नाही. आपल्याकडे अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके आणि ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे मराठी घरांत पोचला. अविवेकी विचार ओळखा, बदला. ते उत्तमच आहे. पण घराला आग लागलेली असताना विजेची वायरिंग तपासता येत नाही, आधी पाणी मारावं लागतं. डीबीटीत अक्षरशः पाणी मारतात. खाली वाकायचं, श्वास रोखायचा आणि थंडगार पाण्यात चेहरा बुडवायचा, किंवा डोळ्यांवर आणि गालांवर थंड पाण्याची पिशवी अर्धा मिनिट धरायची. पाण्यात बुडी मारल्यावर शरीर आपोआप हृदयाचे ठोके कमी करतं, त्याच गुणाचा हा उपयोग. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ते नको तर जिना दहा वेळा चढा-उतरा. नाहीतर श्वास सावकाश घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. यातून प्रश्न सुटत नाही. फक्त तो वाढायचा थांबतो, आणि हात मोकळे होतात. माझ्या फ्रीजमध्ये आजही एक वाटी बर्फ वेगळी असते. मुलगी तिला ‘आईची वाटी’ म्हणते.

याने खरंच फरक पडतो का, हे इंजिनिअर म्हणून मी आधी तपासलं. लिनेहानचा पहिला शास्त्रीय अभ्यास 1991 चा. 2006 साली तिच्या गटाने शंभरेक स्त्रियांवर दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना डीबीटी मिळाली त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न, इतर अनुभवी तज्ज्ञांकडे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत, निम्म्यावर आले. लहानपणच्या अत्याचारांच्या जखमांसाठी जर्मनीत मार्टिन बोहुस यांनी तिचं वेगळं रूप तयार केलं, त्याचा 193 स्त्रियांवरचा अभ्यास 2020 मध्ये आला, तोही चांगला आहे.

पण ही जादूची कांडी नाही. कौशल्यं शिकल्याने जुना आघात पुसला जात नाही. आधी पाय रोवून उभं राहायला शिकायचं, मग तज्ज्ञांच्या मदतीने त्या रात्रीकडे वळून बघायचं, असा क्रम आहे. ते दुसरं काम माझं अजून चालू आहे. आणि हे उपचार महाग आहेत, पूर्ण स्वरूपात मोजक्याच ठिकाणी मिळतात. मला पगार होता, शहर होतं, समजून घेणारा नवरा होता. बाबांच्या पाळीत काम करणाऱ्या माणसाला आज हे कुठे मिळणार, हा प्रश्न मला सोडत नाही.

एक शब्द इथे जपून वापरावा लागतो, स्वीकार. डीबीटीत शिकवतात की जे घडलं ते घडलं, हे पूर्णपणे मान्य करा. माझ्या आईने तीस वर्षं ‘झालं गेलं विसरून जा’ म्हटलं, ते हे नव्हे. आणि स्वीकार म्हणजे माफीही नव्हे. त्या रात्री स्फोट झाला, एक माणूस गेला, माझे बाबा भाजले. हे असं व्हायलाच नको होतं म्हणत मी रोज त्या दारात उभी राहत होते. ते घडलं, हे मान्य केल्यावर मी दारातून आत आले. सुरक्षिततेची व्यवस्था नीट असायला हवी, हा माझा आग्रह त्याने तसूभरही कमी झाला नाही. उलट आता तो आग्रह मी न थरथरता मांडू शकते.

आता तुम्ही आणि मी काय करू शकतो? घरात कोणी रडलं, चिडलं, तर लगेच उपाय सांगू नका. आधी एवढंच म्हणा, ‘तुला हे का लागलं ते मला कळतंय.’ भावना मान्य करणं म्हणजे वागणं मान्य करणं नव्हे. ‘तुझा राग समजतो, आणि डबा फेकणं चालणार नाही’, दोन्ही एका वाक्यात बसतं. कोणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, बरोबर बसा, एकटं सोडू नका. 14416 हा सरकारच्या टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आत्ता मोबाईल काढा आणि लिहून घ्या. हसू नका, खरंच काढा. आणि 2017 च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असलेला माणूस मानलं आहे, त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. पोलिसांच्या भीतीने कोणाला दवाखान्यात न्यायचं टाळू नका.

शाळेला एक विनंती. आपण निधी जमवतो आहोत, त्यात पाण्याची टाकी आहे, संगणक आहेत, ते हवेतच. त्याबरोबर आठवड्यातून एक दिवस येणारा समुपदेशक असावा. डीबीटीचा शाळांसाठी तयार केलेला अभ्यासक्रम अमेरिकेत आहे, पण सरसकट सगळ्या वर्गाला शिकवून टाकावा असं मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात तसं करून पाहिलं, तेव्हा अपेक्षेसारखा फायदा दिसला नाही. मला एवढंच वाटतं की नववीतल्या ज्या मुलीला घरी ‘धीर दे’ सांगितलं जातंय, तिला ‘तुला कसं वाटतंय’ विचारणारा एक मोठा माणूस या इमारतीत असावा. माझ्यातर्फे पहिल्या वर्षाचा खर्च मी देते.

बाबा आता नाहीत. आई इथेच असते. मागच्या दिवाळीत अंगणात बसलो होतो. कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि मी दचकले. एरवी आई म्हणाली असती, काय एवढं घाबरायचं. त्या दिवशी तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाली, “दचकलीस ना? मी पण दचकते गं. अजून.”

तीस वर्षांत त्या रात्रीबद्दल आम्ही बोललेलं हे पहिलं वाक्य. आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसलो.

जेवणानंतर मी आपल्या नववीच्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसणार आहे. कोणाला काही बोलायचं असेल तर या. सल्ला देणार नाही, ऐकेन.